सगळ्या अचीव्हमेंट काढायला नक्की किती तास लागतात?

प्रश्न : दादा, मी स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम खेळतेय आणि सगळ्या अचीव्हमेंट (ठरलेलं काम केल्यावर गेम देतो ते बिल्ले) काढायच्यात. कुठल्या गेमला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या हाउ लाँग टू बीट या साइटवर कम्प्लिशनिस्टसाठी, म्हणजे सगळं पूर्ण करणाऱ्यांसाठी, जेवढे तास दिलेत तेवढे माझे कधीच होऊन गेले, तरी बऱ्याच बाकी आहेत. मित्र म्हणतो तू स्लो आहेस. खरंच का? आणि अजून किती वेळ जाईल ते कसं काढायचं?
(कॉलेज विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : अजिबात स्लो नाहीस, मित्राचं मनावर घेऊ नकोस. त्या साइटवरचे तास खेळाडूंनीच भरलेले असतात आणि कम्प्लिशनिस्टच्या रकान्यात भरणार कोण, तर ज्यांचा गेम पूर्ण झाला तेच, अर्ध्यात कंटाळून सोडलेल्यांचे तास तिथे येतच नाहीत. त्यात कुणी शेजारी गेमची माहिती देणारी विकी उघडी ठेवून खेळलंय, कुणाची ही दुसरी शेती आहे. आणि तू स्टीमवरचे (ज्या अ‍ॅपमधून गेम चालवतात ते) तास बघत असशील तर गेम चालू ठेवून जेवायला गेलीस तरी ते मोजले जातात, म्हणजे तुलनाच मुळात बरोबरीची नाही.

त्यापेक्षा हिशोब स्वतः कर, स्टारड्यूमध्ये तो फार छान करता येतो. गेममधली १० मिनिटं म्हणजे खरे साधारण ७ सेकंद. सकाळी ६ ते रात्री २ असा पूर्ण दिवस धरला तर १४ मिनिटं. ऋतू २८ दिवसांचा, वर्ष ११२ दिवसांचं, म्हणजे एका वर्षाला साधारण २६ तास.

आता गॉर्मे शेफ ही अचीव्हमेंट घे. सगळ्या रेसिपी करायच्या, त्यातल्या बऱ्याच गेममधल्या टीव्हीवरच्या क्वीन ऑफ सॉस या कार्यक्रमातून मिळतात, दर रविवारी एक नवीन, बुधवारी जुनी रिपीट. सगळे ३२ एपिसोड यायला दोन वर्षं लागतात, म्हणजे ५२ तासांच्या आसपास, मग तू कितीही हुशार असलीस तरी! लवकर झोपून दिवस गुंडाळलेस तर कमी होतील, पण तेवढी कामं पण मागे पडतील. मास्टर अँगलरचं (सगळे मासे पकडायचे) पण तसंच, ग्लेशियरफिश हा मासा हिवाळ्यातला, तो हिवाळा हुकला तर मध्ये तीन ऋतू जाणार, ८४ दिवस म्हणजे जवळपास २० तास. त्यामुळे उरलेल्या अचीव्हमेंटमध्ये सगळ्यात लांबची तारीख कुठली ते आधी बघ, बाकीची बरीचशी कामं त्या दिवसांतच उरकतात, प्रत्येकीचे तास वेगवेगळे काढून बेरीज केलीस तर आकडा उगाच फुगेल.

हा हिशोब फक्त फेक्टर्स चॅलेंजला लागू होत नाही. एकदाही न मरता प्रेरी किंग हा गेमच्या आतलाच छोटा गेम संपवायचा, तिथे कॅलेंडर नाही, हात बसायला लागतो. कुणाला एका संध्याकाळी जमतं, कुणाला महिनाभर नाही. याचे तास कुणी छातीठोकपणे सांगितले तर विश्वास ठेवू नकोस. मी तर एकूण अंदाजातून हे वेगळंच काढतो.

आणि मित्रांबरोबर को-ऑप खेळत असशील तर मेनू उघडल्यावर घड्याळ थांबत नाही, एकटं खेळताना थांबतं. पेट्यांमध्ये सामान लावत बसायची सवय असेल तर एकट्याच्या गेममध्ये दिवस १४ मिनिटांचा राहत नाही, सहज २० चा होतो, तेव्हा तुझ्या दोन-तीन दिवसांना मोबाइलवर टायमर लाव आणि तो आकडा धर.

प्रश्न : गेम न खेळताच मिळणाऱ्या अचीव्हमेंटचा वेळ कसा धरायचा?
(वाचक, ठाणे)

उत्तर : द स्टॅनली पॅरेबल या गेममधली गो आउटसाइड ही अचीव्हमेंट म्हणताय ना, पाच वर्षं गेम उघडायचाच नाही. खेळण्याचे तास शून्य, कॅलेंडरची पाच वर्षं, दोन्ही आकडे वेगळेच लिहायला हवेत. काही लोक कम्प्युटरची तारीख पुढे ढकलून ती मिळवतात, आणि असे लोक जेव्हा पूर्ण गेमचा वेळ सांगतात तेव्हा पाच वर्षं त्यात नसतातच. त्याच गेममधली कमिटमेंट उलटी, अख्खा मंगळवार गेम चालू ठेवायचा. तिथे स्टीम पूर्ण २४ तास दाखवेल, हात लावायचं काम जवळपास नाही.