कॅपस्टन, ट्रॉब की सीएनसी? टर्नरने सुरुवात कुठून करावी

प्रश्न : मी इचलकरंजीचा. दहावीनंतर आयटीआय टर्नर (लेथचं काम) पूर्ण केलं. काकांच्या ओळखीने कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका वर्कशॉपमध्ये कॅपस्टन आणि ट्रॉब या जुन्या पद्धतीच्या लेथवर, सेटरच्या (मशीनवर टूल बसवून मापं जुळवणाऱ्याच्या) हाताखाली काम मिळतंय. पुण्याजवळ चाकणला ठेकेदारामार्फत सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनच्या) ऑपरेटरची जागा आहे, पगार जास्त. मित्र म्हणतात, जुन्या मशीनवर गेलास की अडकलास. काय करू?

उत्तर : मित्रांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. आज नवा कारखाना टाकणारा बहुधा सीएनसीच घेतो. पण या मशीन का टिकून आहेत, हे आधी समजून घे.

कॅपस्टनच्या षटकोनी टरेटवर (टूल धरणाऱ्या फिरत्या डोक्यावर) सहा टूल एकदाच बांधायची, टूल किती पुढे जाईल ते ठरवणारे स्टॉप लावायचे, मग ड्रिल, बोअर, टॅप ओळीने घेत जायचं. साध्या लेथवर दर नगाला टूल बदलण्यात जाणारा वेळ वाचतो. त्याच जातीच्या टरेट लेथमध्ये टरेट थेट सॅडलवर (बेडवर सरकणाऱ्या भागावर) असतो, त्यामुळे तो जड कट सोसतो. ट्रॉबवर तर कॅम (ठरावीक आकाराच्या चकत्या) फिरतात, टूल आपोआप पुढेमागे होतात आणि बारही (धातूची सळई) स्वतःच सरकतो. मात्र जॉब (बनवायचा भाग) बदलला की कॅम बदला, पुन्हा सेटिंग करा. त्यात अनेक तास जातात. म्हणून एकच बुश किंवा पितळी नट लाखांनी हवा असेल तिथे ट्रॉब अजून परवडतो. सीएनसीवर प्रोग्रॅम आणि टूल बदलले की पन्नास नगांची ऑर्डरही निघते. बारीक, लांब पिनांसाठी स्लायडिंग हेड मशीन वेगळी असते: तिच्यात बार गाइड बुशमधून (आधार देणाऱ्या नळीतून) सरकतो आणि टूल बुशला लागूनच कापतं, त्यामुळे जॉब वाकत नाही. रुंद आणि जड जॉब व्हीटीएलवर (उभ्या टरेट लेथवर) जातात.

आता तुझ्या प्रश्नाकडे. मशीन नवी की जुनी यापेक्षा तिथे सेटिंग कोण करतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. अनेक ठिकाणी सीएनसी ऑपरेटरचं काम म्हणजे जॉब लावा, सायकल स्टार्ट दाबा, जॉब काढा, गेज लावा. स्क्रीनवरच्या ऑफसेटच्या (टूलच्या मापातल्या दुरुस्तीच्या) पानाला हात लावायची परवानगी नसते. अशी दोन वर्षं गेली की अनुभव कागदावर दिसतो, हातात नसतो.

शाफ्ट २५.०० मिमी हवा आणि निघाला २५.०४, तर ऑफसेटच्या पानावर एक्सच्या (व्यासाच्या दिशेच्या) वेअरमध्ये वजा ०.०४ द्यायचं, हे कुणीही तासाभरात शिकवेल. पण तो ०.०४ इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजल्यामुळे आला, जॉब पकडणारा चक ढिला असल्यामुळे आला की जॉब गरम असतानाच मायक्रोमीटर लावल्यामुळे, हे ओळखणारा सेटर होतो. आणि कॅपस्टनवर टूल जॉबच्या सेंटरच्या उंचीला आहे की खाली, हे कटाच्या आवाजावरून कळायला लागतं. ते शिक्षण सीएनसीवर जसंच्या तसं उपयोगी पडतं.

म्हणून माझं मत गोकुळ शिरगावकडे झुकतं, पण दोन अटींवर. सेटर तुला ट्रॉबचं सेटिंग प्रत्यक्ष करू देणार का, हे काकांमार्फत नाही, तू स्वतः विचार. आणि मुक्काम साधारण वर्षभराचा ठेव. संध्याकाळी फानुकचं (सीएनसीच्या एका कंट्रोलरचं) प्रोग्रॅमिंग शिक, म्हणजे त्यातले कोड: जी ७१ने रफिंग (जास्तीचा धातू काढणं), जी ७६ने आटे, जी ९६ने कटिंग स्पीड कायम राखणं. मग चाकणला गेलास तर ऑपरेटर म्हणून न जाता सेटर म्हणून मुलाखत देता येईल.

घरची आर्थिक ओढ असेल तर चाकण निवडण्यात काहीच कमीपणा नाही. फक्त ठेकेदाराला आधी विचार: १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखाली नोंदणी होणार की नुसतंच ‘ट्रेनी’? नोंदणी असेल तर करार हातात घे. शेवटी परीक्षा देऊन मिळणारं प्रमाणपत्र पुढच्या प्रत्येक नोकरीत दाखवता येतं. खोलीभाडं आणि जेवण वजा करून दोन्ही पगार एकदा कागदावर मांड. फरक बराच आटतो.

डिप्लोमाचं दारही उघडं आहे. दहावी आणि दोन वर्षांचं आयटीआय झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. त्यासाठी गणित आतापासून थोडं थोडं चालू ठेव, विशेषतः त्रिकोणमिती. टेपर (निमुळता आकार) काढताना ती तुला रोजच लागणार आहे.