डीटीपीच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज एक्सपी टाकताना निळी स्क्रीन येते, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या डीटीपीच्या दुकानातला २००९ सालचा ड्युअल कोर कॉम्प्युटर आहे, त्यात पानं जुळवायचं पेजमेकर आणि मराठी टायपिंग-फॉन्टचं श्रीलिपी ही सॉफ्टवेअरं होती. दोन वर्षं तो बंद होता. आता सुरू केला तर विंडोज उघडतच नाही, म्हणून एक्सपीची सीडी लावली, पण सेटअप थोडा पुढे जाऊन निळी स्क्रीन येते आणि कोडच्या शेवटी ७बी दिसतं. शिवाय मशीन लावताना दर वेळी एफ१ दाबावं लागतं आणि तारीख २००९ ची येते. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं.

आधी एक विनंती. सीडी बाहेर काढा आणि आत्ता काहीही फॉरमॅट करू नका. तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून मला वाटतं की मदरबोर्ड ठीक आहे, आणि जुनी एक्सपीसुद्धा डिस्कवर जशीच्या तशी असण्याची बरीच शक्यता आहे.

एफ१ आणि चुकीची तारीख म्हणजे मदरबोर्डवरचा सेल संपला. रुपयाच्या नाण्याएवढा, चपटा, तीन व्होल्टचा, वर सीआर२०३२ लिहिलेला असतो. घड्याळाच्या दुकानात सहज मिळतो. हा सेल नुसतं घड्याळ चालवत नाही, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्राममध्ये, केलेली सेटिंगंही त्याच्याच जिवावर टिकतात. तो मेला की सगळी सेटिंगं कारखान्यातून आली तशी होतात, आणि खरी गडबड तिथे आहे.

एक्सपी बाजारात आली ऑक्टोबर २००१ मध्ये. तेव्हा हार्ड डिस्क त्या रुंद, चपट्या पट्टीसारख्या आयडीई केबलने जोडायचे. पुढे साटा डिस्क आल्या आणि त्यांच्याशी बोलायची एएचसीआय नावाची नवी पद्धत आली. तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती पद्धत विंडोजला शिकवणारी फाइल, एक्सपीच्या सीडीवर नाही, अगदी सर्व्हिस पॅक ३ (मायक्रोसॉफ्टने नंतर दिलेल्या दुरुस्त्यांचा गठ्ठा) असलेल्या सीडीवरही नाही. म्हणून सीडीवरून फाइली चढतात, सेटअप डिस्क शोधायला जातो, आणि ७बी येतं. त्याचा अर्थ एवढाच की जिथून विंडोज चालायची ती डिस्कच मला दिसत नाही. जुनी एक्सपी डिस्कवरून सुरू होताना हाच पेच पडतो. वडिलांचं मशीन भरून देणाऱ्याने तेव्हा बायोसमध्ये साटाची सेटिंग आयडीईवर नेली असणार, एक्सपी त्याशिवाय सहजासहजी बसली नसती. सेल संपला, सेटिंग परत एएचसीआयवर गेली, आणि सगळ्यांना वाटलं विंडोज उडाली.

इचलकरंजीच्या एका छोट्या प्रेसमध्ये मी हे डोळ्यांनी पाहिलंय. त्यांनी माझ्या आधी कुणाला तरी बोलावलं होतं, त्याने सरळ डिस्क पुसून विंडोज ७ टाकली. अकरा वर्षांच्या लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, पतसंस्थेचे अहवाल, सगळं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन लावलं तर नवी विंडोजसुद्धा उघडेना, कारण सेल तोच होता आणि सेटिंग परत बदलली होती. वीस-तीस रुपयांच्या सेलपायी झालेलं ते नुकसान मला अजून डाचतं. म्हणून तुम्हाला इतक्या कळकळीने लिहितोय.

तर असं करा. वायर काढा, सेल बदला, रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि टक् आवाज येईपर्यंत परत बसवा. मदरबोर्डवरचे छोट्या डब्यांसारखे उभे कपॅसिटर वरून फुगलेत का तेही बघून घ्या, फुगले असतील तर मात्र आधी ते बदलावे लागतील. मग मशीन लावून डिलीट किंवा एफ२ दाबत बायोसमध्ये जा. तारीख-वेळ नीट करा. साटा मोड, साटा कॉन्फिगरेशन असं काहीतरी सापडेल, तिथे एएचसीआय असेल तर आयडीई करा. काही बोर्डांवर त्याला लेगसी किंवा कम्पॅटिबल म्हटलेलं असतं. एफ१० दाबून सेव्ह करा आणि सीडी न लावता मशीन सुरू करा. वडिलांचा डेस्कटॉप समोर आला तर एक्सपी टाकायचा विषयच मिटला.

नाहीच आला, तर नव्याने टाकू, पण त्या डिस्कवर नको. ती काढून बाजूला ठेवा. साटा-टू-यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून तिची पूर्ण कॉपी घ्या, त्यात विंडोजचा फॉन्ट्स फोल्डर विसरू नका. पेजमेकरला युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणारी मराठी अक्षरांची पद्धत, कळत नाही. त्या काळच्या मराठी फॉन्टांमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर आपल्या अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे, काना वेगळा, वेलांटी वेगळी, रफार वेगळा. म्हणून अशी ओळ दुसऱ्या फॉन्टमध्ये टाकली की एबीसीडीचा कचरा दिसतो. फाइल शाबूत आणि फॉन्ट गायब, तर मॅटर हाताशी असून वाचता येणार नाही.

मशीनला दुसरी एखादी डिस्क लावा. ८० किंवा १६० जीबीची जुनी पुरे, एक्सपीला स्वतःला दीड जीबीच्या आसपास जागा लागते. सीडी शक्यतो सर्व्हिस पॅक २ किंवा ३ ची घ्या. सर्व्हिस पॅक १ च्याही आधीची असेल तर मोठ्या डिस्कचा फक्त १३७ जीबी भागच दिसतो. आणि कॅबिनेटवर चिकटवलेली पंचवीस अक्षरांची की त्याच जातीच्या सीडीला लागते. मशीनसोबत आलेल्या ओईएम सीडीची की दुकानात सुट्या मिळणाऱ्या रिटेल सीडीला चालत नाही.

सेटअप सोपा आहे. निळ्या पडद्यावर एंटर, मग एफ८, मग रिकामी जागा निवडून सी दाबून पार्टिशन, आणि एनटीएफएस क्विक फॉरमॅट. फाइली कॉपी झाल्या की मशीन आपोआप रीस्टार्ट होतं आणि ‘सीडीवरून सुरू करायचं तर कोणतंही बटण दाबा’ अशी ओळ परत येते. तेव्हा कीबोर्डला हात लावू नका. दाबलं की सेटअप पहिल्यापासून सुरू होतो, आणि अनेकांना वाटतं तो त्याच जागी फिरतोय. पुढे ३९ मिनिटं दाखवतो. आकडा अडकल्यासारखा वाटला तरी थांबा.

मग ड्रायव्हर: आधी चिपसेट, नंतर डिस्प्ले, आवाज, नेटवर्क. सीडी हरवली असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या प्रश्नचिन्हावर डबल क्लिक करून डिटेल्समध्ये बघा. व्हेंडरपुढे ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक. हा आकडा आणि त्यापुढचा डिव्हाइसचा आकडा मिळाला की दुसऱ्या कॉम्प्युटरवर ड्रायव्हर शोधून पेनड्राइव्हने आणता येतो.

कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनल सेटिंगच्या लँग्वेजेस टॅबवर कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करा, तो सीडी मागेल. पेजमेकरला याची गरज नाही, पण ही खूण नसली तर मराठीत नाव दिलेल्या फाइली आणि युनिकोडमधला मजकूर फुटका दिसतो.

श्रीलिपीचं लॉक, म्हणजे डोंगल (हा छोटा प्लग लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही), वडिलांकडे विचारून शोधा. जुनं असेल तर ते कॅबिनेटच्या मागे प्रिंटरच्या रुंद पोर्टला लावलेलं असेल आणि प्रिंटरची केबल त्याच्यावर. धुळीने ते पोर्टचाच भाग वाटतं, त्यामुळे कॅबिनेट भंगारात देताना बरोबर जातं. तसं लॉक असेल तर हेच मशीन सांभाळा. लॉक यूएसबीचं असेल तर नव्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) एक्सपी टाकून त्यात ते जोडून बघता येईल, मला तो मार्ग जास्त सुखाचा वाटतो.

इंटरनेटची केबल मात्र या मशीनला लावू नका. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला निरोप दिला. २००३ चा ब्लास्टर नावाचा व्हायरस नुसतं नेटवर्कला जोडलेल्या मशीनमध्ये शिरायचा, कुठे क्लिकही करावं लागत नसे. आणि एक्सपीसोबतच्या ब्राउझरमध्ये आजच्या बहुतेक साइट उघडतही नाहीत. फाइली पेनड्राइव्हने न्या-आणा, आणि तो पेनड्राइव्ह दुसरीकडे तपासून घ्या.

पेजमेकर एकदा उघडला की वेळ काढून महत्त्वाच्या फाइलींच्या पीडीएफ करा. वडिलांना शेजारी बसवा. कुठली पत्रिका कुणाची, कुठल्या फोल्डरमध्ये काय, हे त्यांनाच माहीत असणार.

सेल बदलून आणि आयडीई करूनही ७बी आलंच, तर मदरबोर्डवर पीसीआय स्लॉटांच्या (कार्ड लावायच्या लांब खाचांच्या) आसपास छापलेला मॉडेल नंबर इथे कमेंटमध्ये लिहा. एफ६ दाबून फ्लॉपीतून ड्रायव्हर द्यायचा किंवा तो सीडीतच मिसळून नवी सीडी बनवायची, असे आणखी दोन मार्ग आहेत. कुठला घ्यायचा ते बोर्ड कळल्यावर सांगतो.