पिंपळ स्त्रीलिंगी कसा?

प्रश्न : लाखेच्या डाळीचे शास्त्रीय नाव 'लाथिरुस सातीवुस', भाताचे 'ओरिझा सातीवा', लसणाचे 'आल्लिउम सातीवुम'. एकाच शब्दाचे तीन शेवट का? आणि पिंपळ 'फिकुस' असूनही 'रेलिगिओसा' कसा? उच्चाराचा नियमही सांगावा.
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : काळा बैल, काळी म्हैस, काळे वासरू म्हणताना आपण जे करतो तेच शास्त्रीय नावांच्या लॅटिनमध्ये होते. 'सातीवुस' म्हणजे लागवडीचा. पुल्लिंगी नामाबरोबर '-उस', स्त्रीलिंगी '-आ', नपुंसकलिंगी '-उम'. घोटाळा होतो तो नामाच्या शेवटावरून लिंग ठरवल्याने. 'शाळा' आकारान्त असूनही आपण 'मोठी शाळा'च म्हणतो ना? लॅटिनमध्ये झाडांची नावे बहुधा स्त्रीलिंगी असतात, शेवटी '-उस' असले तरी. म्हणून फिकुस रेलिगिओसा.

वडाच्या 'बेंगालेन्सिस'वरून मात्र लिंग कळत नाही. '-इस' गटात पुल्लिंगाला नि स्त्रीलिंगाला एकच रूप, नपुंसकाला '-ए': बीट 'बेता वुल्गारिस', पण जव 'होर्देउम वुल्गारे' आणि आले 'झिंगिबेर ओफ्फिकिनाले'.

खरे जपायचे ते '-एर' शेवटाच्या विशेषणांना. 'निगेर' म्हणजे काळा. त्यातला 'ए' पुढे गळतो: काळी मोहरी 'ब्रास्सिका निग्रा', मिरी 'पिपेर निग्रुम'. 'आस्पेर' म्हणजे खरखरीत; तिथे तो टिकतो: आघाडा 'आखिरान्थेस आस्पेरा'. नुसत्या पुल्लिंगी रूपावरून हे ओळखता येत नाही, म्हणून असे शब्द स्त्रीलिंगी रूपासकटच पाठ करावेत.

विशेषण नामाची विभक्तीही घेते. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथात लसणाचा कंद 'बुल्बुस आल्लिई सातीवी' आहे. त्यातले 'आल्लिई' आणि 'सातीवी' हे दोन्ही शब्द षष्ठीत. मात्र जांभळाचे 'कुमिनी' हे विशेषण नव्हे, षष्ठीतले नाम आहे. ते लिंगानुसार बदलत नाही.

उच्चारात आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर, पण ते दीर्घ असेल किंवा व्यंजनाने बंद होत असेल तरच: सा-ती-वा मध्ये 'ती', बेंगालेन्सिसमध्ये 'लेन्'. एरवी तो शेवटून तिसऱ्यावर जातो. 'इंदिका'तला 'दि' ह्रस्व आहे, म्हणून आघात 'इन्'वर. 'आस्पेरा'तही तसाच 'आस्'वर. 'इंडीका' असे लांबवणे ही आपल्याकडची नेहमीची चूक. प्राचीन उच्चारात 'सी' (C) हे रोमन अक्षर सर्वत्र 'क' असते. रोमच्या चर्चच्या उच्चारात ए आणि इ या स्वरांपूर्वी त्याचा 'च' होतो, म्हणजे 'ओफ्फिचिनाले'. दोन्ही रीती चालतात, पण एका वाक्यात मिसळू नयेत.