यादी कशी केली, ते आधी विचारा

प्रश्न : आम्ही दांडिया बाजारात राहतो. मुलगा चौथीत, इंग्रजी माध्यमात. शाळेनं यंदा हुशार मुलांसाठी वेगळा वर्ग काढला. बाईंनी प्रत्येक तुकडीतून सहा नावं दिली आणि तेवढ्यांचीच परीक्षा झाली. माझ्या मुलाचं नाव नव्हतं. शेजारच्या मुलीचं होतं. तिला दोन वर्षं क्लास लावलाय. हा घरी तासन्‌तास आकडेमोडीत रमतो, पण वर्गात तोंड उघडत नाही. हा अन्याय म्हणायचा, की माझी माया बोलतेय? आम्हीही क्लास लावावा का?
— एक आई, बडोदे

उत्तर : ताई, माया बोलत असेलही, पण प्रश्न रास्त आहे. ज्याला परीक्षेला बसवलंच नाही, तो कमी पडला असं कुणी कसं म्हणावं?

अशी यादी मीही केली आहे. बडोद्यातच ३१ वर्षं शिकवलं. एका वर्षी पाच नावं द्यायची होती. नीटनेटकी वही, वळणदार अक्षर, विचारायच्या आत हात वर, अशी पाच मुलं मी निवडली. उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, नुकतंच झालं होतं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, मांजानं कापलेल्या बोटांना पट्ट्या चिकटवलेला, उठून म्हणाला, "बाई, फिरकी भरलेली असली की एका फेऱ्यात जास्त दोरा सुटतो, संपत आली की कमी. मी वितीनं मोजलाय." घरी मराठी, वर्गात गुजराती, त्यामुळे बोलताना तो अडखळायचा. मी त्याला खाली बसवलं आणि पाढे सुरू केले. परीघ म्हणजे काय, हे त्या पोरानं गच्चीवर स्वतःचं स्वतः शोधलं होतं, आणि माझ्या यादीत त्याचं नाव नव्हतं. अजून सलतं ते.

शिक्षकाच्या मनात खोट असते असं नाही. पण आम्हाला चुणचुणीत मूल पटकन दिसतं, आणि ज्याचे आईवडील शाळेत येऊन बोलतात ते त्याहून पटकन. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत आधी अशीच शिक्षक-पालकांच्या शिफारशीनं निवड व्हायची. २००५ पासून तिथे दुसरीच्या सगळ्याच मुलांना, शब्दांऐवजी आकृत्यांवर आधारलेली एक छोटी चाचणी देऊ लागले. अंतिम निवडीची अट तीच ठेवली, तरी गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मुळाच्या) मुलांची संख्या चांगलीच वाढली. ती मुलं आधीही तिथेच बसलेली होती! डेव्हिड कार्ड (त्यांना पुढे २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) आणि लॉरा जुलियानो यांनी हे अभ्यासून मांडलं. पुढे पैशाअभावी ती चाचणी आखडली, तसा तो फायदाही ओसरला.

तेव्हा मुख्याध्यापकांना लेखी विचारा. चाचणी सगळ्या तुकडीला का दिली नाही? ती कोणत्या भाषेत होती? पुढच्या वर्षी नव्या मुलांना दार उघडं आहे का? शेजारच्या मुलीचं नाव मात्र मध्ये आणू नका, तिनं काही चूक केलेली नाही.

चाचणी म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हेही ध्यानात असू द्या. मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात बुद्धिमान मुलं शोधायला घेतली, तेव्हा विल्यम शॉकली आणि लुईस अल्व्हारेझ ही दोन मुलं निवडीत बसली नाहीत. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

क्लास? माझं मत, नको. नमुना प्रश्नपत्रिका एकदोनदा घरी सोडवा, म्हणजे प्रश्नांचा साचा अनोळखी राहणार नाही. पाचवीत गेला की नवोदय विद्यालय या केंद्र सरकारच्या शाळेच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेचा विचार करा. अर्ज मोफत असतो, परीक्षेची भाषा निवडता येते आणि निम्मे गुण आकृत्यांच्या प्रश्नांना असतात. मात्र किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत, आणि मला ते योग्यच वाटतं. शिवाय शाळा निवासी आहे, म्हणून आधी मुलाचं मन विचारा.

शाळेत जाल तेव्हा त्याला सोबत नेऊ नका. त्याच्यादेखत त्याच्या हुशारीची घासाघीस व्हायला नको. उत्तर आलं की मला कळवा, पुढचं पत्र आपण मिळून लिहू.