वाचकांचे प्रश्न : अकरा महिन्यांचं भाडं एकदम द्यावं का?

प्रश्न : सांगलीत गावभागात 8,000 रुपये भाड्याचं घर मिळतंय. अकरा महिन्यांचे 88,000 होतात, पण एकरकमी दिलेत तर मालक 80,000 घ्यायला तयार आहेत. डिपॉझिट 20,000 वेगळं. द्यावेत का?

उत्तर : नुसत्या हिशेबात सौदा फायद्याचा आहे. पहिल्या महिन्याचं भाडं तसंही द्यायचंच होतं. जास्तीचे 72,000 आधी देऊन पुढच्या दहा महिन्यांचं 80,000 भाडं वाचतं. हे वर्षाला साधारण 24 टक्के व्याज पडतं, बँकेची ठेव त्याच्या जवळपासही जात नाही.

पण चार महिन्यांनी बदली झाली तर, चार महिन्यांचे 32,000 वजा जाता, 48,000 मालकाकडे अडकतात, आणि करारात परतीचं कलम नसेल तर ते सोडवताना नाकीनऊ येतात. त्याहून मोठा धोका घर विकलं जाण्याचा. अकरा महिन्यांचा करार बहुधा लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर वापरायच्या नुसत्या परवानगीचा असतो. सुविधाधिकार कायदा, 1882 च्या कलम 59 प्रमाणे तो नव्या मालकावर बंधनकारक नसतो. भरपाई मागता येते, पण जुन्या मालकाकडे. म्हणून आधी मालमत्तापत्रकावर (प्रॉपर्टी कार्डवर) नाव कुणाचं आहे ते बघा, घर विक्रीला काढलंय का याची शेजारीपाजारी चौकशी करा.

गावभाग कृष्णेकाठी, त्यामुळे पुराचं कलम हवंच. 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी 45 आहे. घर राहण्याजोगं नसेल त्या दिवसांचं भाडं लागणार नाही, असं स्पष्ट लिहून घ्या. तोंडी शब्दावर राहू नका.

पैसे बँकेतून द्या. पावतीवर ‘एक लाख मिळाले’ एवढंच नको. ‘जून ते एप्रिलचं आगाऊ भाडं 80,000; परत करायची अनामत 20,000’ अशी फोड हवी, नाहीतर सोडताना कुठली रक्कम कशाची यावरच वाद होतो.

आमचा सल्ला : तीन-तीन महिन्यांचं आगाऊ द्या, सवलत कमी मिळाली तरी चालेल. वर्षाचं द्यायचंच असेल तर एक महिन्याच्या नोटिशीवर उरलेलं भाडं परत, हे कलम घातल्याशिवाय देऊ नका.

प्रश्न : साताऱ्यात मालकांनी भाडेकराराची स्टँपपेपरवर नोटरी करून दिली आहे. नोंदणीची गरज नाही म्हणतात. खरं का?

उत्तर : नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. जबाबदारी मालकाची. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. हे त्यांना शांतपणे दाखवा, बहुतेक जण तयार होतात. शहरात नोंदणी फी 1,000 रुपये. मुद्रांक शुल्क भाडं, परत न मिळणारी आगाऊ रक्कम आणि डिपॉझिटवरचं दरसाल 10 टक्के व्याज यांच्या बेरजेवर 0.25 टक्के, म्हणजे साध्या घराला काही शेकड्यांत. नोंदणी ऑनलाइन होते. आधार आणि अंगठ्याचा ठसा लागतो.