गटासोबत नदीकाठच्या पहिल्या पायी भटकंतीला येताय?

नवेकोरे बूट घालून येऊ नका, आधी आठवडाभर वापरून पायात बसलेलेच आणा. सुती मोजे तर नकोतच. ते ओले झाले की लवकर वाळत नाहीत, कातडी मऊ पडते आणि घासून फोड येतात. लोकरीचे किंवा सिंथेटिक घाला, वर एक कोरडी जोडी सॅकमध्ये. टाच चुरचुरली की लगेच थांबून चिकटपट्टी लावा. गटाची दोन मिनिटं गेली तर जाऊ देत.

सपाट वाटेवर ताशी 4 किलोमीटर होतात, चिखलात 3. म्हणजे 10 किलोमीटरला थांबे धरून साडेतीन तास आणि दीड लिटर पाणी.

खरा धोका वळणावर. वळणाच्या बाहेरच्या अंगाला प्रवाह आदळून खालची माती खरवडतो. वर गवत शाबूत दिसतं, आत पोकळी असते. तिथे काठापासून दोन-तीन मीटर लांबच राहा, फोटोसाठीसुद्धा पुढे जाऊ नका.

म्होरक्याच्या पुढे जायचं नाही, शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं नाही. आडोशाला जाताना शेजारच्याला सांगा आणि सॅक वाटेवरच ठेवा, म्हणजे ती पाहून शेवटचा माणूस तुमच्यासाठी थांबेल.