खानापुरात राहून छंद म्हणून फेन्सिंग (तलवारबाजी) शिकावं की कराटे?

खानापुरात राहताय, वय तिशीचं आणि निव्वळ छंद म्हणून विचारताय, तर कराटे घ्या. मी कराटे शिकवतो आणि दोन वर्षं फेन्सिंगमधलं फॉइलही (एका हलक्या तलवारीचा प्रकार) खेळलोय, त्यावरून सांगतो. कराटेला पांढरा ड्रेस आणि घरची गच्ची पुरते. पावसात बेळगावची बस चुकली तरी सोप्यात उभं राहून काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) घोटता येतो. फेन्सिंगचं तसं नाही. मास्क, हातमोजा, जाड जाकीट, त्यावर फॉइलसाठी धातूच्या धाग्यांचं आणखी एक, टच नोंदवायला पाठीमागून निघणारी वायर, खेळायला १४ मीटरची पट्टी आणि मुख्य म्हणजे समोर तोडीचा जोडीदार लागतो. एकट्याला फार तर पायांचा सराव आणि लंज (पुढे झेप टाकून वार) जमतो. फॉइल अर्ध्या किलोपेक्षा हलकं असतं, पण गुडघे वाकवून पुढे-मागे सरकताना पाच टचांच्या एका बाउटमध्ये (लढतीत) मांड्या भरून येतात! तरी खेळ म्हणून मला तोच जास्त आवडतो. समोरच्याचं मनगट वळायच्या आत त्याचा डाव ओळखून वार परतवणं, ही मजा मला कराटेत मिळाली नाही.

फक्त एक बघा: मुलीलाही सोबत घालायचं असेल आणि तिला स्पर्धेची ओढ असेल, तर बेळगावात रोज येणारा फेन्सिंग कोच मिळतो का ते आधी विचारा. मिळाला तर तिला फेन्सिंगच. ते १८९६पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये आहे, टोकियोत आपली भवानी देवी खेळली. कराटे ऑलिंपिकमध्ये एकदाच, टोकियोत आलं, पॅरिसला २०२४मध्ये नव्हतं.